मदत हवी आहे: नवी मंडळी (चर्च) उभी करतील अशी माणसं कशी ओळखायची?

सर्वांना जय ख्रिस्त. आमची मंडळी नवापूर तालुक्यातली, रविवारी साठेक माणसं. पाळकसाहेबांनी माझ्यावर काम टाकलंय: पुढे दुसऱ्या गावात मंडळी सुरू करतील अशी दोन-तीन पोरं हेरा आणि घडवा.

पहिला डोळ्यासमोर येतो तो गिटारवाला. बोलतो छान, पण सतरंज्या उचलायच्या वेळी गायब! दुसरा कधी पुढे येत नाही. मात्र कोणी आजारी पडलं की मोटारसायकल काढून हजर. मावचीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीत, प्रार्थना करतो तेव्हा म्हाताऱ्या बायाही मान डोलावतात. माझं मन याच्याकडेच झुकतं. पण बाप्तिस्मा होऊन वर्षच झालंय, आणि बायबलात १ तीमथ्य ३:६ मध्ये अध्यक्ष (मंडळीचा पुढारी) नवशिका नसावा असं आहे. शिवाय दिवाळीनंतर तो ऊसतोडीला गुजरातेत जातो, उन्हाळ्यातच परततो.

अशाला आधी काय सोपवावं? घरसभा, की नुसतं सोबत फिरवावं? ऊसतोडीच्या महिन्यांत शिकवणं कसं चालू ठेवता? बायबलातल्या अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल या आपल्या शिक्षकांनाच अशा कामाला पाठवून दिलं, पण आमच्याकडे माणसं आहेतच किती! ज्यांनी हे केलंय त्यांनी जरूर लिहा.