काळ्या रानात बुजवलेला हवाई हल्ल्याचा खंदक कसा ओळखायचा?

परभणीकर:
१९६५ किंवा १९७१ च्या युद्धकाळातला, हवाई हल्ल्यात लपायचा बुजवलेला खंदक काळ्या मातीत शोधायचा असेल, तर मॅग्नेटोमीटर (जमिनीतला चुंबकीय फरक मोजणारं यंत्र) भाड्याने आणावा का? इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धातले अँडरसन शेल्टर, म्हणजे बॉम्बपासून बचावाचे निवारे, तसे शोधतात म्हणे. आणि चर कुठे, कसा घ्यावा?

मुरूम-माती:
मॅग्नेटोमीटरवर पैसे घालू नका. अँडरसन पन्हाळी पोलादी पत्र्याचा. ६ फूट उंच, साडेचार फूट रुंद, ४ फूट जमिनीत गाडलेला आणि छपरावर निदान १५ इंच माती. पत्रा जागेवर असला की यंत्राला लगेच कळतं. आपल्याकडचा खंदक म्हणजे नुसता खड्डा. त्यात आपला बेसाल्टच चुंबकीय, मुरमाचा खडा न् खडा यंत्राला फसवतो. जमिनीत लहरी सोडून शोधणारं रडारही नको, ओली चिकणमाती त्या लहरी गिळते.

जमिनीचा विद्युत रोध मोजा, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर. मुरूम मिसळलेला भराव सलग काळ्या मातीपेक्षा वेगळा आकडा देतो. फक्त मे महिन्यात नको. भेगांतल्या हवेने आकडे बिघडतात.

त्याआधी फुकटातला उपाय करा. मोठ्या सरीनंतर मैदानावर चक्कर मारा. भराव खचलेला असला तर पाणी पट्टीने साचतं. पट्टी एल किंवा झेडसारखी वळत असेल तर आशा धरा. स्फोटाचा धक्का आणि तुकडे टोकापर्यंत जाऊ नयेत म्हणून ते वळण ठेवत. सरळसोट पट्टी बहुधा पाइपलाइनची.

पांढरी:
गावठाणात असाल तर आधी पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) नाही ना, ते बघा. पेवाचं तोंड अरुंद आणि गोल, पोट खाली फुगलेलं. खंदक लांबट, भिंती जवळपास उभ्या. वरून नुसता काळपट डाग दिसला की दोन्ही सारखेच वाटतात.

परभणीकर:
आणि काळ? तळाशी हाली सिक्का, म्हणजे निजामाच्या राज्याचं नाणं, मिळाला तर १९४८ च्या पोलीस कारवाईच्या वेळचा खंदक म्हणायचं?

मुरूम-माती:
नाही! बुजवताना आजूबाजूची जुनी मातीच लोटतात, नाणं तिच्यातून येतं. काळ ठरतो भरावातल्या सगळ्यात नव्या वस्तूवरून. १९६४ नंतरच्या नाण्यांवर ‘नया’ शब्द नाही. तसं नाणं अगदी तळाच्या भरावात मिळालं तर बुजवणं त्यानंतरचं. पण काळी माती भेगाळते आणि वरचं खाली सरकतं, म्हणून भेगेतली वस्तू पुराव्यात धरू नका.

चर पट्टीला काटकोनात, १ मीटर रुंद घ्या. १०-१० सेंटीमीटरचे थर काढा. खंदकाची कड फुगण्या-आकसण्याने पुसट होते. काळ्यात मुरमाचे आणि चुनखडीचे ठिपके जिथे थांबतात, ती कड. ४ फुटांखाली फळ्यांचा आधार दिल्याशिवाय उतरू नका, आणि काढलेली माती काठापासून १ मीटर लांब टाका. काळ्या मातीची भिंत कोरडी असताना दगडासारखी दिसते आणि एकदम ढासळते.