भुतरामहट्टीचं प्राणिसंग्रहालय : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतात. इतक्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं गेलोच नाही. शेत, म्हशी, मुलांच्या शाळा, सासूबाईंचं आजारपण. ह्यांना जनावरांचं भारी वेड. गोठ्यात म्हैस व्यायला आली की रात्रभर तिच्याजवळ बसून असतात. पण सिंह अजून डोळ्यांनी बघितलेला नाही. बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याहून सिंह आणलेत, हे कळल्यापासून माझ्या मनात तेच आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

अडचण अशी की लग्नाचा वाढदिवस नेमका मंगळवारी येतोय. म्हैसूरचं आणि बन्नेरघट्ट्याचं प्राणिसंग्रहालय मंगळवारी बंद असतं, तसंच इथंही आहे का? असल्यास बुधवारी जाऊ.

दुसरं म्हणजे, ह्यांचा उजवा गुडघा फार दुखतो. आत बॅटरीची गाडी मिळते का? सफारीच्या गाडीत चढायला पायऱ्या उंच आहेत का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण दुखलं तरी ते बोलायचे नाहीत.

उन्हात सिंह झोपूनच असतो म्हणतात, म्हणून सकाळी लवकर पोचायचंय. बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावरून कोल्हापूर रोडची कुठली बस तिथं थांबते? घरची भाकरी-पिठलं आत नेऊ देतात का?

अलीकडे कुणी जाऊन आलं असेल तर कृपया सांगा.