प्रभूच्या प्रार्थनेतले 'ऋणी' कोण?

आमच्या नगरकडच्या घरी रात्रीच्या जेवणाआधी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, म्हणत. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांला सोड' ही ओळ मला पाठ होती, पण उमगत नव्हती. शाळेतल्या आभारप्रदर्शनात 'आम्ही पाहुण्यांचे ऋणी आहोत' असं ऐकलेलं. म्हणजे ऋणी तो आभार मानणारा. मग आमचे आभार मानणाऱ्यांना आम्ही नेमकं काय सोडलं?

हा ऋणी म्हणजे देणेकरी. सावकारी कागदांत धनकोसमोर जो ऋणको असतो, तो. ही प्रार्थना बायबलमधल्या मत्तय आणि लूक या दोन शुभवर्तमानांत येते. मत्तय ६:१२ मधल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही सरळ 'देणी' असाच आहे. लूक ११:४ मध्ये मात्र आपली 'पापे' येतात आणि समोरचा माणूस तेवढा देणेकरीच राहतो. एकाच प्रार्थनेत पाप आणि कर्ज असे एकमेकांत का मिसळावेत? प्रभू येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे, तिच्यात 'होबा' हा एकच शब्द दोन्हींसाठी चालायचा. मराठी माणसाला यात अवघड काही नाही. आपल्याकडे गुन्हा माफ होतो आणि कर्जही माफच होतं.

म्हणूनच, सोपं व्हावं म्हणून 'ऋणे' काढून तिथे 'अपराध' घालावं असं कुणी म्हटलं, तर ते मला पटत नाही. इंग्रजीत १५४९ च्या प्रार्थनापुस्तकातून या जागी 'ट्रेसपासेस' रुळलं. त्या शब्दात दुसऱ्याची हद्द ओलांडल्याचा भाव आहे, द्यायचं राहून गेल्याचा नाही. आणि माझ्या मनाला जास्त टोचतं ते राहून गेलेलंच: न विचारलेली ख्यालीखुशाली, न दिलेला वेळ.

खरी गंमत क्रियापदात आहे. मराठीत ऋण आपण फेडतो. मातृऋण, पितृऋण फेडायचंच असतं. इथे 'सोड' म्हटलंय. ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थही सोडणं, जाऊ देणं हाच. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला चाकर धन्याला दहा हजार तलांत देणं असतो. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, या हिशेबाने ती सहा कोटी दिवसांची मजुरी झाली! तरी तो म्हणतो, थांबा, सगळं फेडीन. धनी फेडून घेत नाही, सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडल्यावर शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

आणखी एक बारकावा. मत्तयात 'सोडले आहे', म्हणजे आधीच सोडून मग देवापुढे उभं राहायचं. लूकमध्ये 'क्षमा करतो', वर्तमानकाळ. म्हणताना हा फरक जिभेवरून निसटतो, पण मत्तयाची ओळ मला जड जाते. कुणाचं तरी सोडायचं राहिलेलंच असतं.

आजी शेजारणीला ज्वारी उसनी द्यायची. एका दुष्काळी सालानंतर शेजारीण अर्धीच पायली घेऊन आली, बाकीची पुढल्या सुगीला देते म्हणाली. आजीने तीही तिच्याच पदरात परत ओतली आणि म्हणाली, "राहू दे गं, सोडली ती."