आयझेनहॉवर ट्रॉफी: तिसऱ्याचं कार्ड मोजायलाच हवं

हिरवळ_१८:
हौशी पुरुष गोल्फपटूंची जागतिक सांघिक स्पर्धा म्हणजे आयझेनहॉवर ट्रॉफी. देशाचे तिघे चार दिवस खेळतात, आणि रोज त्यातल्या सर्वांत चांगल्या, म्हणजे कमी फटके लागलेल्या, दोघांचेच फटके धरतात. तिसऱ्याचं कार्ड, म्हणजे त्याच्या फटक्यांची नोंद, त्या दिवसापुरतं बाद. मला हे मनापासून खटकतं. समजा, एका संघाचे तिघंही ७० मध्ये आले आणि दुसऱ्याचे ६८, ७१ आणि ७९. नियमाने दुसरा संघ १३९ वर पुढे, पहिला १४० वर मागे! तिघांची बेरीज धरली असती तर २१० विरुद्ध २१८. संघ तिघांचा ना? ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या सांघिक अंतिम फेरीत प्रत्येक साधनावर तिघं उतरतात आणि तिघांचेही गुण धरतात. एकाचा हात सुटला तर सगळ्यांचं पदक जातं. तिथे चालतं, मग इथे का नाही?

दुसरा_पट:
तुलना पटली नाही. तिथली कसरत मिनिटा-दीड मिनिटाची. इथे राऊंड चार तासांचा, सकाळी निघालेल्याला वारा नाही आणि दुपारच्याला झोडपून काढतो. शिवाय हा नियम जुनाच आहे. १९५८ साली स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पहिली स्पर्धा झाली तेव्हाही चौघांपैकी तिघांचेच फटके धरत. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका ९१८ वर बरोबरीत आले, प्लेऑफ, म्हणजे निकालासाठी जादा फेरी, झाला, ऑस्ट्रेलियाने दोन फटक्यांनी जिंकला. अमेरिकेचा कर्णधार होता महान हौशी गोल्फपटू बॉबी जोन्स! यापेक्षा चुरस ती काय हवी?

हिरवळ_१८:
तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. चारातलं एक कार्ड सोडणं म्हणजे पाव हिस्सा. २००२ पासून संघ तिघांचा झाला, सोडायचं कार्ड मात्र एकच राहिलं. आता तिसरा हिस्सा जातो.

बंकरातून:
हिशोब बरोबर आहे, पण छोट्या देशांचा विचार करा. दोन तयारीचे खेळाडू असलेला देशही या नियमामुळे चार दिवस झुंजू शकतो. तिन्ही कार्डं मोजलीत तर वर तेच ठरलेले चार-पाच देश दिसतील. ही ट्रॉफी देशादेशांत मैत्री वाढावी म्हणून ठेवलेली आहे.

आणि कार्ड ‘बाद’ होणार हे आधी कुणाला कळतं? माझंच सांगतो. ज्युनिअरला असताना आमच्या तिघांच्या संघातही दोनच कार्डं धरायचे. पहिल्या नऊ होलमध्ये माझे दोन चेंडू पाण्यात, ४६ फटके. दहाव्या टीवर, म्हणजे त्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी, हातमोजा काढून बॅगेत टाकला होता. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, “घाल तो परत. बाकीचे दोघं कुठे आहेत, तुला माहीत आहे का?” नव्हतंच माहीत, प्रत्येक जण वेगळ्या गटात. उरलेले नऊ मी ३७ मध्ये काढले. ८३. आमच्यातला सर्वांत भरवशाचा मुलगा त्या दिवशी ८६ वर आला आणि माझं कार्ड धरलं गेलं. तिसऱ्याचं कार्ड फुकट जात नाही हो.

हिरवळ_१८:
दादा, हे वाचून थांबलो खरा. छोट्या देशांचं मान्य. मग पहिले तीन दिवस दोनच धरा, शेवटच्या दिवशी तरी तिन्ही.

दुसरा_पट:
आणि त्याच सकाळी एकाला ताप भरला तर? तीन दिवस आघाडीवर असलेला संघ पहिल्या टीवर पोचायच्या आधीच संपला.

हिरवळ_१८:
तर चौथा राखीव खेळाडू सोबत न्यायची मुभा द्या. तापापायी तिसऱ्याचं मोल कमी करू नका.