एकच टॉमकॅट प्रोमेथियसमध्ये डाउन दाखवतोय, मदत हवी आहे (अर्जंट)

महापे_रात्रपाळी: सकाळपासून डोकं आउट झालंय. तीन सर्व्हरवर टॉमकॅट (जावा ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) आहे, प्रोमेथियस त्यांचे आकडे गोळा करतो, ग्राफानात (ते आलेखात दाखवणारं टूल) तिन्हींचा सीपीयू, मेमरी नीट दिसते पण तिसऱ्याचं हीप (जावाची मेमरी), थ्रेड काहीच येत नाही, प्रोमेथियसमध्ये त्याचं टार्गेट डाउन. टॉमकॅटच्या आतले हे आकडे प्रोमेथियसला देणाऱ्या जावा एजंटची जार तिन्हीकडे तीच, त्याची यामल (सेटिंगची फाइल) पण तीच. उद्या ११ ला क्लायंटला दाखवायचंय, लवकर सांगा कोणीतरी.

ठाणेकर_७: एरर काय येते? आणि टॉमकॅट सुरू कसा करता?

महापे_रात्रपाळी: कनेक्शन रिफ्यूज्ड. एजंटचा पोर्ट ९४०४. बाकी सगळं नॉर्मल आहे हो.

ऐरोली_नेटवर्क: फायरवॉल. माझे दोन दिवस गेले होते यात, नोड एक्स्पोर्टरचा (मशीनचा सीपीयू, मेमरी देणारा) ९१०० उघडलेला आणि ॲपचा पोर्ट राहून गेलेला.

ठाणेकर_७: फायरवॉलने पॅकेट गिळलं तर टाइमआउट येतो. रिफ्यूज्ड म्हणजे त्या पोर्टवर कोणी ऐकतच नाहीये.

ऐरोली_नेटवर्क: नियम रिजेक्टचा असेल तर रिफ्यूज्डपण येऊ शकतं, आमच्याकडे तेच होतं.

ठाणेकर_७: मग त्याच मशीनवरून लोकलहोस्टच्या (म्हणजे स्वतःच्याच) ९४०४ ला कर्ल मारा, फायरवॉल आहे की नाही कळेल. पीएस (चालू प्रोसेसची यादी) करून जावाच्या ओळीत जावाएजंट दिसतो का तेपण बघा.

घोडबंदर_ॲडमिन: प्रोमेथियसऐवजी झॅबिक्स (दुसरं मॉनिटरिंग टूल) टाका, सुखी व्हाल. आणि रिटेन्शन (डेटा किती दिवस ठेवायचा ते) वाढवलंय का? प्रोमेथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतो.

महापे_रात्रपाळी: कर्लपण रिफ्यूज्ड, पीएसमध्ये जावाएजंट नाही!! पण मी जावा ऑप्ट्समध्ये टाकलाय ना, बॅशआरसीत (लॉगिनच्या शेलची सेटिंग फाइल).

ठाणेकर_७: हा सर्व्हर रिबूट झाला होता का?

महापे_रात्रपाळी: हो, शनिवारी पॅचिंग होतं, त्यानंतर सिस्टिमसीटीएलने (सिस्टिमडीची कमांड) सर्व्हिस म्हणून सुरू केला. बाकी दोन मी हातानेच सुरू केलेत. ते बंद करताना मात्र पोर्ट आधीच वापरात आहे म्हणतात, किल मारावं लागतं.

ठाणेकर_७: अहो हे आधी सांगायचं! सिस्टिमडी बॅशआरसी वाचत नाही, बाकी दोन तुमच्या शेलमधून सुरू झाले म्हणून त्यांना एजंट मिळाला. टॉमकॅटच्या बिन फोल्डरात सेटएनव्ही डॉट एसएच नावाची फाइल करा आणि एजंट त्यात कॅटालिना ऑप्ट्समध्ये टाका (हे फक्त सुरू करताना लागू होतं), बॅशआरसीतली ओळ काढा. जावा ऑप्ट्स शटडाउनच्या वेळीपण लागू होतं, मग ती दुसरी जावा प्रोसेस एजंट घेऊन ९४०४ च मागते आणि पडते, म्हणून तुम्हाला किल मारावं लागतंय. सर्व्हिस फाइल कॅटालिना डॉट एसएच (टॉमकॅटची स्क्रिप्ट, सेटएनव्ही तीच वाचते) चालवते ना तेवढं बघून घ्या.

वाशी_लोकल: महापेतच असाल तर घणसोलीहून ठाण्याची शेवटची गाडी चुकवू नका, नंतर रिक्षावाले वाट्टेल ते मागतात.

महापे_रात्रपाळी: अप आला!! हीप दिसतंय. खूप खूप आभार ठाणेकर.

ठाणेकर_७: बाकीच्या दोन्हींवरपण आजच करा, रिबूट झाले की तेही असेच जातील.

महापे_रात्रपाळी: दुसऱ्यावर करतोय आत्ता.