इंजिन, ट्रॅक्टर, बस: लॅटिन मुळांचं एवढं कौतुक कशाला?

निवांत (धागाकर्ता)

जनरेटरसाठीच्या 'जनित्र' या मराठी शब्दावर हसणारी मंडळी प्रत्येकाच्या ओळखीत असतात. त्यांचं म्हणणं ठरलेलं: इंग्रजीतली यंत्रांची नावं लॅटिनमधून आली, म्हणून ती नेमकी; शब्द फोडला की यंत्र कळतं. आपले शब्द मात्र कचेरीत बसून पाडलेले. मला हे साफ अमान्य आहे. ती नावं बहुतेक वेळा अपघातानं चिकटलेली आहेत आणि त्यांच्या लॅटिन अर्थाचा यंत्राशी संबंध बादरायण आहे.

इंजिन घ्या. मूळ लॅटिन 'इन्गेनियुम', म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमधून तो शब्द इंग्रजीत आला तेव्हाही अर्थ तोच होता; 14व्या शतकात इंग्रज कवी चॉसर तो वापरतो तो स्मरणशक्तीच्या पंगतीला बसवून, बुद्धी या अर्थी. बुद्धीवरून क्लृप्ती, क्लृप्तीवरून कपट, आणि तिथून किल्ल्याच्या तटावर दगड फेकणारं लाकडी धूड. ते धूड बनवणारा तो इंजिनिअर. या पेशाला लष्कराचा वास इतका होता, की 18व्या शतकात पूल आणि दीपगृहं बांधणाऱ्या जॉन स्मीटनला स्वतःला मुद्दाम 'सिव्हिल' इंजिनिअर म्हणवून घ्यावं लागलं. वाफेचा नंबर फार उशिरा लागला. आता 'इन्गेनियुम' घोकून कुणाला सिलिंडर कळला असेल तर त्यानं हात वर करावा.

ट्रॅक्टरची कथा तर अफलातून. 'त्राहेरे' म्हणजे ओढणे, इथवर ठीक. पण इंग्रजीत हा शब्द आधी गाजला तो शेतात नव्हे, रुग्णाच्या खाटेपाशी. अमेरिकेत कनेटिकटच्या एलिशा पर्किन्स या डॉक्टरांनी 1796 मध्ये दोन टोकदार धातूच्या सळ्यांचं पेटंट घेतलं. बोटभर लांबीच्या सळ्या. दुखऱ्या भागावरून फिरवायच्या, की त्या म्हणे दुखणं ओढून घेतात. नाव काय, तर ट्रॅक्टर! इंग्लंडातही त्यांचा गाजावाजा झाला. 1799 मध्ये बाथ शहरातल्या डॉ. जॉन हेगार्थ यांनी लाकडाच्या सळ्या धातूसारख्या दिसतील अशा रंगवल्या आणि पाच रुग्णांवर फिरवल्या. चौघांना बरं वाटलं. नांगर ओढणारं यंत्र या नावाचं धनी झालं ते पुढे शंभरेक वर्षांनी.

आणि बस. लॅटिन 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. पॅरिसमध्ये 1828 ला आणि लंडनमध्ये 1829 ला या नावाच्या घोडागाड्या सुरू झाल्या. पुढे नाव छाटताना इंग्रजांनी 'सर्व' हा अर्थाचा भाग फेकून दिला आणि नुसता विभक्तिप्रत्यय ठेवला. आपण रोज चतुर्थीच्या प्रत्ययाला लटकून कामावर जातो. याला नेमकेपणा म्हणायचं?

चिंचवडकर

निवांतराव, सोयीची उदाहरणं बरोब्बर वेचलीत.

मी पदविकेला शिकवतो. वर्गात बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. त्यांच्या अंगावर पहिल्याच सत्रात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्ट्रॅक्टर, रोटर असे शब्द आदळतात आणि ती सगळं पाठ करत सुटतात. मी फळ्यावर एका बाजूला 'प्रेस: दाबणे', 'ट्रॅक्ट: ओढणे', 'रोट: चाक' एवढंच लिहितो. मग एक्स्ट्रॅक्टर म्हणजे बाहेर ओढणारा, कॉन्ट्रॅक्शन म्हणजे एकत्र ओढलं जाणं, हे मुलंच सांगायला लागतात. शेवटचा 'टर' म्हणजे करणारा; आपल्या कर्ता, दाता, नेता यांतल्या 'ता'चा तो भाऊच. हे कळलं की मुलाची भीती जाते. तुम्हाला इतिहासातल्या गमती सापडल्या म्हणून माझ्या मुलांच्या हातातली किल्ली काढून घेऊ नका.

अभिमानी

मूळ मुद्दा दोघांनीही टाळलाय. लॅटिन स्वतःच संस्कृतची उसनवार आहे. रोटर हा आपला रथ. जनरेटर हे आपलं जनित्र. पिस्टन हे आपलं पिष्ट. मोटर तर उघडउघड मोटेवरून आलेली आहे, पाणी उपसायचं काम दोघांचंही एकच. आपलेच शब्द परत घेताना लाज कसली?

वाचनमात्र

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

शब्दखोर

अभिमानी, पहिले तिन्ही संबंध खरे आहेत, निष्कर्ष चुकलाय. ही आई-लेकीची नव्हे, बहिणींची गोष्ट आहे.

लॅटिन 'रोता' म्हणजे चाक. जर्मन 'राट' म्हणजे चाक. लिथुआनियनमध्ये 'रातास', तेही चाकच. रथाला मात्र आपण अख्खं वाहन म्हणतो. शब्द संस्कृतमधून तिकडे गेला असता तर तिघींनी वाहन हा अर्थ टाकून नेमकं चाकच कसं उचललं? जुना अर्थ चाक, आणि तो आपल्याकडे बदलला, हेच सरळ दिसतं. पिस्टनचं तसंच: लॅटिनमधला कुटण्याचा धातू इटालियन-फ्रेंच वाटेनं इंग्रजीत आला, संस्कृतमधल्या 'पिष्'वरून पिष्ट आणि मराठीत पीठ. उखळातला मुसळ आणि गाडीतला पिस्टन करतात तेच, वर-खाली.

निवांतराव, तुमच्या बशीलाही, आय मीन बसलाही, नातेवाईक आहेत. 'ओम्निबुस'मधला 'बुस' आणि 'रामेभ्यः'मधला 'भ्यः' एकाच घरातले.

मोट मात्र यात नाही. ती सावता माळ्यांच्या अभंगात आहे, म्हणजे 13वं शतक. मोटर लॅटिनमध्ये 'हलवणारा'. इंग्रजीत आधी विश्व हलवणाऱ्या ईश्वराबद्दल वगैरे वापरत आणि यंत्राला हे नाव मिळालं ते 19व्या शतकात. दोघींची भेट आपल्याकडच्या विहिरीच्या काठावर झाली, तीही एकीला हाकलून दुसरी बसली म्हणून.

आता ज्यावर हसतात त्या 'जनित्र'बद्दल. हा कचेरीत पाडलेला शब्द नाही. ऋग्वेदात तो उत्पत्तीस्थान या अर्थी आहे. परिभाषावाल्यांनी जुनं भांडं घासून वापरात आणलं. आणि 'इन्गेनियुम'मधला 'गेन' हा आपला 'जन्'च. तेव्हा इंजिनवर न हसणाऱ्यानं जनित्रावर हसायचं कारण नाही.

निवांत

चिंचवडकर सर, किल्ली म्हणालात म्हणून तुमचाच कंडेन्सर घेऊ.

छताचा पंखा नुसता गुरगुरतो, फिरत नाही. काठीनं ढकलला की फिरतो. वायरमन येतो, म्हणतो 'कंडेन्सर गेला', आणि अडीच मायक्रोफॅरडची डबी बदलून देतो. तीच व्यक्ती एसीच्या बाहेरच्या पेटीतल्या तांब्याच्या नळ्यांकडे बोट दाखवते, 'कंडेन्सर धुवायला झालाय'. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालचं भिंग, तोही कंडेन्सर. ध्वनिमुद्रणाला बसलात तर माइक कंडेन्सर. तुमचा 'दाट करणे' हा अर्थ घेऊन मुलगा यांतल्या कुठल्या वस्तूपर्यंत पोचेल? पंख्याच्या डबीत काय दाट होतं?

चिंचवडकर

विद्युतभार. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टानं 1782 मध्ये त्या उपकरणाला 'कोन्देन्सातोरे' म्हटलं ते उगाच नाही. एसीत बाष्प गोळा होऊन द्रव होतो, भिंग प्रकाश एका जागी आणतं, डबीत भार साठतो. तुमच्या चारपैकी तीन उदाहरणांत शब्दानं दिशा बरोबर दाखवली आणि चौथ्या माइकमध्ये आत तीच व्होल्टाची वस्तू बसवलेली आहे, त्याचा पडदा हलला की साठवण बदलते. हे मी वर्गात सांगितलं तर मुलाला चार सुटी उपकरणं पाठ करावी लागत नाहीत. कपॅसिटर हे नाव आज जास्त बरोबर आहे, मान्य; पण तेही लॅटिन 'काप्'वरूनच, मावणं-धरणं.

मूळ कळलं की यंत्र कळलं, असं मी म्हणतच नाही. मूळ कळलं की मुलगा प्रश्न विचारायला लागतो. 'यात काय दाट होतं सर?' हा तुम्ही आत्ता विचारलेला प्रश्न मला वर्गात हवा असतो.

वऱ्हाडी ठेचा

काय राजेहो, लॅटिन-संस्कृत चाललंय आणि आमच्या बाजारातला शब्द कोणालाच दिसला नाही? जिन!

कापसाचा जिन म्हणजे इंजिनचंच तुटकं शेपूट. 'एन्जिन'चं 'जिन' इंग्रजीत फार जुनं, सापळ्यालाही म्हणायचे. एली व्हिटनीनं 1794 मध्ये कापसाच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि 'कॉटन जिन' जगभर झालं. आता आमच्याकडे जिनिंग आहे, जिनवाले शेठ आहेत, 'गाडी जिनावर लावली' म्हणतात. इंग्रजांच्या देशात ट्रेनच्या इंजिनला कोणी जिन म्हणत नाही, आणि आमच्याकडे जिनला इंजिन म्हटलं तर हमाल हसतील. पण आतल्या यंत्राला आम्ही रेचा म्हणतो. दोन रूळ, त्यावर चामड्याच्या चकत्या घट्ट बसवलेल्या, मधून पातं हलतं. रुई रुळाला चिकटून पलीकडे, सरकी खाली. व्हिटनीचं यंत्र तारेच्या दातांचं होतं, आमचं बहुतेक काम रुळांवर. म्हणजे नाव त्याचं, यंत्र त्याचं नाही!

जनित्राबद्दल स्पष्ट सांगतो. लॅटिन गोऱ्याच्या शेतकऱ्याला जेवढी परकी, तेवढंच तुमचं वेदातलं जनित्र माझ्या बापाला. त्याला जनरेटर कळतो, कारण लग्नात तो धडधडताना पाहिलाय. ऋग्वेदाचा दाखला देऊन शब्द गावात चालत नाही.

शब्दखोर

ठेचासाहेब, रेचा हा शब्द परिभाषाकोशवाल्यांना कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. बाकी मुद्द्याशी असहमत. विद्युतनिर्मितीचं पुस्तक लिहिताना 'लग्नात धडधडतं ते' असं लिहून भागत नाही.

मधुरा

वकिली करते, म्हणून एक वेगळा शब्द. कॅमेरा.

लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे कमानदार छताची खोली. 'कामेरा ऑब्स्क्युरा', म्हणजे अंधारी खोली, यातून फोटोच्या यंत्राचं नाव आलं. पोर्तुगिजांनी तोच शब्द खोलीसाठी आणला, हिंदीतला कमरा तिथला. इथवर मजा. न्यायालयात 'इन कॅमेरा' म्हणजे बंद खोलीत, त्रयस्थांना प्रवेश नाही. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र 'नातेवाइकांनी इन कॅमेरा शवविच्छेदनाची मागणी केली' याचा अर्थ चित्रीकरण करा, असा असतो. अर्थ शंभर टक्के उलटा: एकात दार लावून घ्यायचं, दुसऱ्यात सगळ्यांना पुढे दाखवता येईल असा पुरावा ठेवायचा. अशील विचारतं, 'ताई, सुनावणी इन कॅमेरा, मग रेकॉर्डिंग आम्हाला मिळणार ना?'

निवांत म्हणतात मूळ अर्थाचा संबंध बादरायण. बोलण्यात असेल. कागदावर दोन अर्थ भांडायला लागले की मुळाकडे जावंच लागतं, तिथे 'अपघातानं चिकटलं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

वाचनमात्र

पॉपकॉर्न संपले म्हणून लिहितो. काँप्युटर कसा सुटला?

इंग्रजीत 17व्या शतकापासून काँप्युटर म्हणजे माणूस, आकडेमोड करणारा. भारतातलं ठळक उदाहरण राधानाथ सिकदर. 1831 मध्ये ते त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काँप्युटर म्हणून लागले, पुढे मुख्य काँप्युटर झाले आणि 'शिखर 15'ची, म्हणजे एव्हरेस्टची उंची त्यांच्या आकडेमोडीतून निघाली. 1856 मध्ये ती 29,002 फूट अशी जाहीर झाली. हे पदनाम होतं, कारकून किंवा मोजणीदार असतं तसं. 1940 च्या दशकानंतर यंत्रानं माणसाची खुर्ची घेतली आणि पाटीसुद्धा.

गंमत अशी की लॅटिन 'पुतारे'चा जुना अर्थ छाटणे, साफ करणे. द्राक्षवेल छाटणे, त्यावरून हिशेब साफ करणे. अँप्युटेशनमध्ये तोच धातू बसलाय. संगणकात सम् आणि गण्, सरळ एकत्र मोजणे. माझ्या मते हा शब्द इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे. पण दुकानात जाऊन मीही 'काँप्युटर दुरुस्त करायचाय' असंच म्हणतो.

अभिमानी

मोटेवर मी ठाम आहे. कोशांवर सगळंच सोडायचं नसतं.

चिंचवडकर

निवांतराव, टर्बाइनला काय म्हणाल? तिथे अपघात नाही. 1822 मध्ये फ्रान्सच्या क्लोद बुर्दँ यांनी पाण्यावर फिरणाऱ्या चाकासाठी नाव मुद्दाम घडवलं, लॅटिन 'तुर्बो'वरून. तुर्बो म्हणजे वावटळ, आणि मुलांच्या खेळातला भोवराही. मराठीत भोवरा खेळातला आणि नदीतलाही. एका परदेशी खाण-अभियंत्यानं निवडलेली प्रतिमा आपल्याकडे तयार पडलेली आहे. त्यांचे विद्यार्थी फुर्नेराँ यांनी 1827 मध्ये ते यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवलं. मी वर्गात भोवरा म्हणतो आणि पुढची आकृती काढतो. समजावून सांगायला दुसरं काही लागत नाही.

निवांत

टर्बाइन तुमच्या खात्यात मांडा. तिथे आधी यंत्राचा विचार झाला आणि मग माणसानं बसून शब्द शोधला. कचेरीत बसून जनित्र शोधणाऱ्यानंही हेच केलं होतं. त्यालाच तर मंडळी हसत होती. इंजिन, ट्रॅक्टर, बस आणि ठेचासाहेबांचा जिन माझ्याकडे राहू द्या. आणि अभिमानी, मोटेचा वेगळा धागा काढा, तिथे येतो.