कोविडनंतर घरी: ऑक्सिजन बसल्या जागी ९६, चालल्यावर ९१. काय करायचं?

टिळकनगर_इंदूर
सासूबाई ६४ वर्षांच्या, वजन ५८ किलो, मधुमेह जुना. कोविडच्या न्यूमोनियामुळे ऑक्सिजनवर होत्या, आता घरी आल्यात. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) हळूहळू कमी करायला सांगितलंय, रक्त पातळ ठेवायची गोळी आणि इन्सुलिन चालू आहे. बसल्या जागी ऑक्सिमीटर ९६ दाखवतो, पण न्हाणीघरापर्यंत जाऊन आल्या की ९१ आणि धाप. फुप्फुसाच्या व्यायामासाठी तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं फुंकायचं यंत्र दिलंय, ते कितीदा फुंकायचं? उपाशीपोटी साखर ११० येते, म्हणजे ठीक ना? वास अजिबात येत नाही. फेरतपासणी पुढच्या आठवड्यात आहे, तोवर घरी नेमकं काय करावं?

श्वसन_फिजिओ
ताई, चालल्यावर ९१ येतोय हे आजच डॉक्टरांना फोन करून कळवा, पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. न्यूमोनियातून सावरताना चालल्यावर आकडा ३-४ नी उतरलेला पुष्कळदा दिसतो. पण फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तरी असंच होतं, आणि या दोन्हींतला फरक ऑक्सिमीटर सांगू शकत नाही. धाप एकाएकी वाढली, छातीत टोचलं, एकाच पायाची पोटरी सुजली किंवा थुंकीतून रक्त आलं तर फोनही नको, सरळ इमर्जन्सीत न्या. बसल्या जागी आकडा ९४ च्या खाली राहू लागला तर त्याच दिवशी डॉक्टर, ९० च्या खाली गेला तर अ‍ॅम्ब्युलन्स.

मोजताना हात गरम हवा, बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश नको, आणि आकडा स्थिरावायला मिनिटभर द्यायचा. यंत्रावरची नाडी मनगटाच्या नाडीशी जुळत नसेल तर ते मोजमाप सोडून द्या. चालून आल्यावर यंत्र लगेच लावा आणि ३ मिनिटं काढू नका, कारण सगळ्यात कमी आकडा बरेचदा थांबल्यानंतर थोड्या वेळाने दिसतो. किती उतरला आणि किती वेळात परत वर आला, दोन्ही लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा खरा उपयोग होतो.

तीन गोळ्यांचं ते यंत्र फुंकायचं नाही, त्यातून हवा ओढायची आहे. बहुतेक घरांत इथेच चुकतं. ताठ बसवा, आधी श्वास पूर्ण सोडायला सांगा, मग नळी ओठांत घट्ट धरून हवा सावकाश आत ओढायची. त्यावर ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं तो हवेचा वेग, सेकंदाला इतके घनसेंटिमीटर. एका झटक्यात तिन्ही गोळ्या उडवल्या की जोर दिसतो, पण श्वास तिथेच संपतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग उघडत नाही. पहिली एकच गोळी ३ सेकंद वर टिकवता आली तर ते जास्त मोलाचं. नंतर श्वास २-३ सेकंद धरून ओठांचा चंबू करून सोडायचा. एका वेळी ५ ते १० श्वास, जागेपणी दर एक-दोन तासांनी. चक्कर आली किंवा ओठांना मुंग्या आल्या तर फार भराभर चाललंय, थांबवा. नळी रोज साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा.

डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलं की घरातल्या घरात २-३ मिनिटं, दिवसातून चारदा. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आकडा ९० च्या खाली गेला की बसायचं. वेळ वाढवायचा तो एक-दोन मिनिटांनीच, आणि दुसऱ्या दिवशीचा थकवा बघून. कोविडनंतरचा थकवा कधी कधी एक-दोन दिवसांनी अंगावर येतो, त्यामुळे आज बरं वाटलं म्हणून उद्या दुप्पट चालवू नका. जिना चढताना श्वास सोडत पायरी चढायची, दोन-तीन पायऱ्यांनी थांबायचं. अंघोळीला स्टूल द्या. हात वर करून केस धुण्यात फार दम जातो, ते काम दुसऱ्या कुणी करावं.

मधुमेह_आहार_पलासिया
उपाशीपोटीच्या ११० वर मुळीच विसंबू नका. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर चढवतं ती दुपारी आणि संध्याकाळी. पहाटेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असतो. म्हणून सकाळचा आकडा छान आणि दुपारचा ३००, असं सहज घडतं. दुपारच्या जेवणानंतर २ तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी मोजा. २५० च्या वर राहू लागली तर डॉक्टरांना कळवा. मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, फळाचा रस बोटाला असला तरी आकडा खोटा येतो.

उलटी बाजूही तितकीच धोक्याची. स्टेरॉइड कमी होत जाईल तशी साखर उतरते, पण इन्सुलिन जुन्याच मात्रेत राहतं. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं की लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर ३ चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका. आणि स्टेरॉइड परस्पर बंद करू नका. काही आठवडे घेतल्यावर शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) पुन्हा बनवायला वेळ लागतो.

मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर ६०-७० ग्रॅम प्रथिनं रोज हवीत. २ अंडी १२, दूध-दही मिळून अर्धा लिटर १६, कच्ची ६० ग्रॅम डाळ १४, पनीर ५० ग्रॅम ९, सोयाबीन वड्या २५ ग्रॅम १३: इतक्यातच ६४ होतात. अंडी चालत नसतील तर डाळ-पनीर वाढवा. पोह्यांवाचून इंदूरची सकाळ होत नाही हे मान्य, पण एकच छोटी वाटी, त्यात मोड आलेले मूग आणि शेंगदाणे घाला. शेव-जिलबी मात्र सध्या नको.

नाक_कान_घसा
वासाचं: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, हे चार वास. प्रत्येकाच्या तेलाचे थोडे थेंब कापसावर टाकून झाकणाच्या बाटल्यांत ठेवा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली सुमारे २० सेकंद हलकेच हुंगायची, मन त्या वासाच्या आठवणीवर ठेवून. निदान १२ आठवडे. मध्ये कांदा, लसूण, कॉफी कुजक्यासारखी लागू शकते. चेता पुन्हा जुळताना असं होतं, घाबरू नका. वास परतेपर्यंत गॅस रात्री मुख्य कळीवरून बंद करा.

टिळकनगर_इंदूर
खूप आभार. डॉक्टरांना फोन करतेय. अजून एक, कालपासून उजवी वरची दाढ ठणकतेय आणि गाल बधिर वाटतो म्हणतात. दंतवैद्याकडे नेऊ का?

नाक_कान_घसा
ताई, दंतवैद्याकडे नाही, आजच नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे. मधुमेह, स्टेरॉइड आणि एका बाजूचा गाल बधिर, या तिन्हींवरून म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आहे की नाही हे आधी पाहावं लागतं. कारण दुसरंही असू शकतं, पण ही बुरशी रक्तवाहिन्यांतून डोळ्याकडे आणि मेंदूकडे पसरते, म्हणून तासांचा हिशोब धरतात. नाकातून काळपट किंवा रक्ताळ स्राव, टाळूवर काळा डाग, डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, दात हलणं, हेही बघा.

नाकाची दुर्बिणीने तपासणी करून घ्या. शंका वाटली तर नमुना बुरशी शोधणाऱ्या केओएच तपासणीला जातो आणि सायनस, डोळे, मेंदूचा एमआरआय होतो. उपचार म्हणजे अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध आणि मेलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणून या दोन्हींची सोय असलेलं ठिकाण निवडा, शहरात एम. वाय. हॉस्पिटल मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, तिथे सगळे विभाग एकत्र मिळतात. डिस्चार्ज कार्ड, स्टेरॉइड कधीपासून आणि किती, साखरेची वही सोबत घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे दारातच सांगा, आणि तपासणी होईपर्यंत दाढ कुणालाही काढू देऊ नका.